तिची एकटीची सही

"पेशंटचे नातेवाईक कोण?" सिस्टरनं दारातून नेहमीसारखं विचारलं आणि बाकाच्या दोन्ही टोकांची माणसं एकदम उभी राहिली. एका टोकाला भातकुलीकडचे सासू-सासरे, दुसऱ्या टोकाला अकोटहून आलेले आईवडील. मधे पल्लवी. ती बसूनच राहिली.

मी अमरावतीच्या एका सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. पल्लवीचा नवरा मोर्शी रोडवर अपघातात गेला होता. भाजीचा मळा, घरचा टेम्पो, सगळं तोच बघायचा. त्यानंतर तिची पाळी आली नाही, ते सगळ्यांनी दुःखावर ढकललं. पोट दिसायला लागलं तेव्हा सोनोग्राफी झाली. वीस आठवडे उलटून गेले होते.

इथे थोडा कायदा सांगावा लागेल. वीस आठवड्यांपर्यंत गर्भपाताला एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसच्या मधे दोन डॉक्टरांचं लागतं, आणि तेही काही ठरावीक स्त्रियांसाठीच. गरोदरपणातच नवरा वारला असेल तर ती बाई त्यात बसते. सज्ञान बाईची संमती मात्र तिची एकटीची. बापाची नाही, सासऱ्याची तर नाहीच. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

वडील आधी बोलले. पोरीले मोकळी करा, वय काय आहे तिचं, पुन्हा लगन लावून देऊ. सासरे म्हणाले, लेकरू आमच्या पोराचं आहे, हात लावायचा नाही. दोघेही सही करायला तयार होते. सासऱ्यांनी तर खिशातला पेन काढून हातात धरला होता.

मी सांगितलं, तुमच्यापैकी कुणाचीच सही लागत नाही.

"मंग आमाले बोलावलं कावून?" सासरे म्हणाले.

कायदा काहीही म्हणो, 'नातेवाईक कोण' ही हाक आमच्याच वॉर्डातली.

प्रकरण अधीक्षकांच्या कानावर गेलं. त्यांचं औषध ठरलेलं होतं. "नागपूरला रेफर करा. नाहीतर दोन्हीकडची लेखी संमती घ्या."

"सर, कायद्यात तसं नाही."

"कायद्यात नाही हो. पण तक्रार येते ना, ती माझ्या टेबलावर येते."

नागपूरला जाण्यायेण्यात, तिथल्या रांगेत, उरलेले आठवडे सहज निघून गेले असते. मी रेफर केलं नाही. दुसरं मत द्यायला आमचे नवे डॉक्टर खंडारे होते. त्यांनी कायदा पुन्हा वाचून काढला आणि तयार झाले.

मग मी पल्लवीला एकटीला आत घेतलं. तुला काय हवंय, विचारलं. तिनं दाराकडे पाहिलं. "बाबा सांगतीन ना."

मला राग आला. कुणाचा, ते नीट कळलं नाही. मी तिला अख्खा कायदा पुन्हा ऐकवला, वकिलासारखा. तुझी मर्जी, तुझी सही, बाकी सगळे बाहेर. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मले नाही समजून राहिलं, मॅडम. तुमीच सांगा."

हे आम्ही सांगायचं नसतं. मी तसं म्हटलं. तिनं विचारलं, "लेकरू ठेवलं त मी राहू कुठं?"

मी बाहेर गेले आणि तेच त्यांना विचारलं. सासरे म्हणाले, बाळंतपणापर्यंत राहू दे, पुढे लेकरू आम्ही वाढवू, तिनं बापाकडे जावं. वडील म्हणाले, पोरगी आमची, पण लेकरासकट तिच्याशी लग्न कोण करते? सासू आणि आई, दोघी पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. एका घराला लेकरू हवं होतं, एका घराला लेक. दोघांना मिळून कुणीच मागत नव्हतं.

आमच्या सोशल वर्कर ताईंना एक महिला वसतिगृह माहीत होतं. बाळंतपणही करतात, नंतरही ठेवतात. हे ऐकल्यावर पल्लवी खुर्चीत सरळ झाली. "तिथं मशीन ठेवू देतेत का? मी ब्लाऊज शिवतो." दोन दिवसांत तिनं स्वतःहून काही मागितलं ते हेच. मलाच हुरूप आला.

ताईंनी तिच्यासमोरच फोन लावला. पलीकडच्या बाई सभ्यपणे बोलल्या. हिला माहेर आहे, सासर आहे, मग निराधार कशी? दोन्ही घरांकडून लिहून आणा, आम्ही ठेवत नाही म्हणून. आणि जबाबदारी घेणाऱ्या एका नातेवाईकाची सही.

मी परत बाकापाशी गेले. आता तरी सही करा म्हटलं.

"पोरीले ठेवत नाही, असं लिहून देऊ?" वडील म्हणाले. "समाजात तोंड काय दाखवू?" सासऱ्यांनी पेन खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीनं गर्भपात करा म्हणून सांगितलं. आम्हाला एक प्रश्न विचारावाच लागतो, कुणाचा दबाव तर नाही ना. मी विचारला. तिनं खरंच विचार केला.

"दबाव कोनाचा नाही, मॅडम. जागाच नाही."

तिनं सही केली. मधलं नवऱ्याचं नाव लिहिताना थांबली, मग तेही लिहिलं. माझी सही झाली, खंडारेंची झाली. बाहेर आल्यावर खंडारेंनी विचारलं, मॅडम, याला मर्जी म्हणायचं का? मी हो म्हटलं. फार ठामपणे म्हटलं. ती खरंच मर्जी होती का, हे मला मात्र तेव्हाही कळलं नव्हतं.

सगळं सुखरूप पार पडलं. ती अकोटला गेली. तपासणीला आली तेव्हा एसटीनं एकटीच आली होती. सासूनं शिलाई मशीन माहेरी पाठवून दिलं, म्हणाली. स्थळं येताहेत, असंही म्हणाली. बरी आहेस ना, विचारलं तर "हो" म्हणाली, आणि मी केसपेपरवर 'ठीक' लिहिलं.

गर्भपाताला बाईची एकटीची सही पुरते, हे मी अजूनही ठासून सांगते, आणि ते बरोबरच आहे. मूल ठेवायला किती जणांच्या लागतात, हे मात्र मला अजून सांगता येत नाही.