आक्कांचे डबे आणि काचेचं कपाट

आक्का गेल्या तेव्हा घरात एकही डबा रिकामा सापडला नाही.

आज वर्ष झालं. आज मी रडायला नाही, मिरवायला लिहितेय. कारण आमच्या आक्का जिंकून गेल्या, आणि हे अर्ध्या शिरूर-दौंडला माहीत असलं तरी फेसबुकवर अजून कुणी टाकलेलं नाही.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. मांडवगण फराट्याच्या.

नाद एकच. जुने, नक्षीचे डबे.

कुणी जुनं घर पाडलं, कुणी माळा आवरायला काढला, की आक्का हजर. शिरूरला जुन्या भांड्यांच्या दुकानात तर त्यांच्यासाठी वेगळं स्टूल होतं.

पितळी पानाचा डबा. झाकणात आरसा असलेली, फणी-कुंकू ठेवायची शिसवी फणेरपेटी. लाखेचा रंगीत करंडा. राजाराणीचं चित्र असलेला पत्र्याचा चॉकलेटचा डबा.

घेताना आधी झाकण उघडून वास घ्यायच्या. मग झाकण लावून कान द्यायच्या.

"टक्क वाजलं पायजे. न्हाईतर मुंग्या हायेतच."

घरी आणला की चिंचेनं घासायचा, उन्हात वाळवायचा आणि दुसऱ्या दिवशी कामाला लावायचा. पानाच्या डब्यात आमचे मोबाईलचे चार्जर. राजाराणीच्या डब्यात त्यांच्या बीपीच्या गोळ्या.

मग आम्ही नवा बंगला बांधला.

मॉड्युलर किचन आलं. एकसारख्या प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या. आणि माझ्या नवऱ्यानं, संजयनं, हॉलमध्ये काचेचं कपाट करून घेतलं. आत लाइट, बाहेर कुलूप. आक्कांचे सगळे डबे पॉलिश होऊन आत.

"आई, अँटिक आहेत. भारी वस्तू कुलपातच शोभते. लोक बघत राहतील."

"बगून काय करत्यात? डब्यात हात घालायचा असतो."

संजय ऐकतोय कुठला. प्रेमानंच केलं त्यानं, मान्य आहे. पण त्याच प्रेमानं तो आक्कांनाही सांगायचा, तू बस, तू आराम कर, भाजी निवडू नको.

एकदा त्या मला म्हणाल्या, "आगं, ह्यो मला बी उद्या लाइट लावून आत ठिवतोय बघ."

हसून म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही. घरात हाताला काम उरलं नव्हतं, तसं त्यांचं जेवणही कमी झालं होतं. मी रोज बघत होते आणि माझा जीव तुटत होता.

अशात आमच्या लेकीचा, ऋतुजाचा साखरपुडा ठरला. मुलगा दौंडचा.

आदल्या संध्याकाळी संजय म्हणाला, सगळं महत्त्वाचं सामान आईकडे द्या, ती नीट ठेवते. आक्कांनी ठेवलं. कुठं, ते कुणी विचारलं नाही.

पुसायला म्हणून आदल्या दिवसापासून उघडं असलेल्या कपाटाला सकाळी त्यानं कुलूप घातलं. पाहुण्यांची पोरं डब्यांना हात लावतील म्हणून. चावी अडकवली गाडीच्या जुडग्यात. आणि तीच गाडी घेऊन माझा भाऊ केक आणायला शिरूरला गेला.

दौंडची मंडळी आली. हॉल भरला. मुलाची आजी पुढं येऊन बसली.

"चला, पोरीला कुंकू लावू. कुंकू आना."

मी आक्कांकडे बघितलं.

"करंड्यात हाय."

"करंडा कुठंय?"

त्यांनी हनुवटीनं काचेकडे दाखवलं.

मी घाईनं विचारलं, "आणि अंगठी?"

"फणेरपेटीत. अक्षता, सुपारी पानाच्या डब्यात. पेढं राजारानीच्या डब्यात."

अख्खा साखरपुडा काचेच्या आत, लाइटच्या उजेडात. आणि संजयनं सकाळी एकही झाकण न उघडता कुलूप घातलेलं. डबे नुसते बघायचे असतात, अशी त्याची खात्रीच होती ना.

भावाला फोन लावला. तो न्हावऱ्याजवळ उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेला. भटजी घड्याळाकडे बघायला लागले.

"आई, तुला हे काय सुचलं?" संजय दात-ओठ खात म्हणाला.

आक्का एकदम शांत. "तूच म्हनला न्हवं, भारी वस्तू कुलपात शोभती? ठिवली."

मग माझा नवरा नव्या शेरवानीत गुडघे टेकून बसला आणि व्याह्यांच्या समोर स्क्रूड्रायव्हरनं बिजागऱ्या खोलायला लागला. मी व्हिडिओ काढला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

दार निघालं.

आक्कांनी पदर खोचला आणि एकेक डबा बाहेर काढून उघडला.

टक्क.
टक्क.
टक्क.

मुलाच्या आजीनं फणेरपेटी मांडीवर घेतली, आरसा उभा केला. "आमच्यात बी व्हती अशी. पोरांनी भंगारात दिली." मग तिनं तो आरसा ऋतुजासमोर धरला आणि कुंकू लावलं.

त्यानंतर बायका डब्यांवर तुटून पडल्या. ह्यात काय, त्यात काय, हा कुठला. आक्का सगळ्यांना सांगत होत्या, थकत नव्हत्या. नवरीपेक्षा आक्कांभोवती गर्दी जास्त. त्या दिवशी पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवशी संजय दार बसवायला आला, तर कपाटात तूरडाळ, मसाला, चहा, साखर. समोर स्टूल टाकून आक्का.

"घाल कुलूप."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि चहा मागितला. चहा आक्कांनीच केला.

तिथून शेवटच्या दिवसापर्यंत घराची कोठी त्यांच्या हातात होती. भाजीसुद्धा मला त्यांना विचारून निवडावी लागायची.

फणेरपेटी ऋतुजाबरोबर दौंडला गेली. आज सकाळी तिनं फोटो पाठवलाय. आत बाळाचं काजळ, टोपरं आणि थर्मामीटर. खाली लिहिलंय, "मम्मी, आक्कांना सांग, अजून टक्क वाजतंय."

आणि काल संजय आक्कांचा फोटो फ्रेम करून घेऊन आला. काच न लावता.

मी म्हटलं, अहो, खराब होईल.

म्हणाला, "होऊ दे. पुसत जाऊ. काचेच्या आत ठेवलं तर चिडेल ती."

फोटो त्याच बिनदाराच्या कपाटात ठेवलाय, चहाच्या डब्याशेजारी. रोज हात तिथंच जातो.

आक्का, तुम्ही जिंकलात. मनापासून नमस्कार.