पात्यांवरची नावं

गेल्या सोमवारी भर दुपारी बिल थकलं म्हणून कर्णबधिर मुलींच्या एका वसतिगृहाची वीज तोडली आणि त्या मुलींचं बोलणंच तोडलं गेलं. त्या हातांनी बोलतात. दिवे नसले की तिन्हीसांजेनंतर कुणाला कुणाचे हात दिसत नाहीत.

संस्थांकडे पैसा किती आणि गरज कशाची, याची पाहणी करत मी दुसऱ्या दिवशी तिथे पोचले. छताला ओळीने पंखे होते. सगळे थांबलेले, म्हणून पात्यांवरची नावं स्वच्छ वाचता येत होती. कुणाच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ, कुणाच्या एकसष्टीनिमित्त.

"एवढे पंखे?" मी अधीक्षिका मंदाताईंना विचारलं.

"माळ्यावर अजून आहेत, नेतेस का?" त्या म्हणाल्या. "विजेचं बिल भरा म्हटलं की लोक गप्प. बिलावर नाव रंगवता येत नाही ना, पोरी!"

खरं तर पंखा फिरायला लागला की पात्यावरचं नाव दिसतच नाही. देणाऱ्याचं नाव वाचता येतं ते असं, सगळं बंद पडल्यावर. आपण दान देतो की पाटी लावायला जागा विकत घेतो?

खिडकीशी एक मुलगी मैत्रिणीला काही सांगत होती. उजेड सरत गेला तशी तिची बोटं घाई करू लागली. मग ती बोटंच दिसेनाशी झाली. सांगणं अर्धंच राहिलं.

तुम्ही यंदा कुणाच्या नावाने पंखा देणार असाल, तर देऊ नका. तुमच्या गावातल्या अशा एका संस्थेत जा, थकलेलं वीजबिल मागून घ्या आणि नाव न सांगता भरा. आजच, अंधार पडायच्या आत.