पानांखालचा लाल रंग

खुर्सीपारला लाल धुळीचं कोणाला काही वाटत नाही. वाळत घातलेल्या चादरीवर, पापडांवर, झाडांवर ती पोलाद कारखान्याकडून येऊन बसते आणि आम्ही ती धुऊन टाकतो. बाबा प्लांटमधून रिटायर झाले, तरी रोज सकाळी पाईप घेऊन झाडं धुतात. त्यातलं लाडकं एकच, गडचिरोलीकडच्या जंगलातून आणलेलं झुडूप. त्याचं नाव नर्सरीवाल्यालाही सांगता आलं नाही. ते जंगल आता खाणीत गेलं, दुसरं आणायचं कुठून? फांदी लावून पाहिली, ती जगली नाही. यंदा इतक्या वर्षांनी त्याला कळ्या आल्या. पहिलं फूल बुद्धपौर्णिमेला वाहायचं, असं बाबांनी घरांच्या सगळ्या लाईनीत सांगून ठेवलं होतं.

आणि पानं गळायला लागली.

"धूळ जास्त पडून राहिली," बाबा म्हणाले आणि संध्याकाळीही धुऊ लागले.

एकदा वैतागून मी एक पान उलटं केलं. लाल रंग खालच्या बाजूला होता. धूळ वरून पडते, ती पानाखाली कशी जाईल? शेजारच्या जास्वंदीची पानं उलटून पाहिली, तर खालून हिरवीगार.

पान घेऊन बियाण्यांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "धूल नहीं है, गेरुआ है. पत्तों पर पानी मत डालना, फैलता है. जिस डाल पर लगा है, उसे काटकर जला दो."

म्हणजे तांबेरा. घरी येईपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता, आणि संतापही आला होता. झुडपाचे नखरे किती! ऊन बेताचं हवं, माती तीच हवी, वर फुलायला वर्षानुवर्षं थांबायचं. या बुरशीला नुसतं ओलं पान पुरतं, आणि ते आम्ही तिला दोन्ही वेळा देत होतो.

बाबा पाईप घेऊनच उभे होते. मी नळ बंद करून सगळं सांगितलं. ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

"मंग मीच पसरवलं म्हन ना."

"तुमाले काय मालूम, बाबा?"

मी कात्री पुढे केली. त्यांनी घेतली नाही. लुंगीला हात पुसत मागे सरकले.

"तूच काप. मी आता हात नाई लावत त्याले."

कळ्यांसकट फांद्या कापताना मला रडू आवरलं नाही. एक फांदी वाचली, तिच्यावर एकच कळी आहे. रोज सकाळी मी तिची पानं उलटून पाहते, आणि बाबा लांब उभे राहून माझं तोंड पाहतात.