शंभराव्या दिवसाचा घास

सासूबाईंचं वय ही आमच्या घरातली सर्वांत नाजूक वस्तू. माझं लग्न झालं तेव्हा त्या साठीच्या होत्या. माझा मुलगा शाळेत जायला लागला तेव्हाही साठीच्याच होत्या. तो युनिव्हर्सिटीत गेला आणि त्या इंग्लंडात आमच्याकडे, रीडिंग नावाच्या गावी, राहायला आल्या, तेव्हा कुठे मोठ्या मनानं सत्तरीवर आल्या. काळ सगळ्यांच्या घरात सरळ घुसतो. सासूबाईंच्या दारात मात्र चपला काढून बाहेर उभा राहतो.

"आय अ‍ॅम सेव्हंटी. ओन्ली." एवढं इंग्रजी त्या राणीलाही लाजवेल अशा थाटात बोलायच्या. केमिस्टला सांगायच्या, बसमध्ये जागा द्यायला उठलेल्या पोरांना सांगायच्या, आणि एकदा तर इमिग्रेशनच्या माणसाला, त्यानं विचारलं नसताना.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांची खुर्ची. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून कुठे बारसं असो, डोहाळजेवण असो, सासूबाई शेवटच्या रांगेतल्या, दाराजवळच्या खुर्चीवर. त्यांना तिथं कुणी बसवलं नव्हतं, त्या आपण होऊन जायच्या. ओटी भरायची वेळ आली की त्यांना हटकून स्वयंपाकघरात काहीतरी करपल्याचा वास यायचा. एकदा जेवण केटररकडून यायचं होतं आणि स्वयंपाकघरात गॅससुद्धा पेटलेला नव्हता, तरी आला.

बायको चिडायची. "आई, आता कोण मानतं गं हे?"

"मी मानते," सासूबाई म्हणायच्या. विषय संपला.

आमचं घर सेमी-डिटॅच्ड. म्हणजे घर आपलं आणि भिंत दोघांची. भिंतीपलीकडे एक जपानी जोडपं. ही दोघं इतकी शांत, की ती राहायला आली हे आम्हाला त्यांच्या कचऱ्याच्या डब्यावरून कळलं. मग त्यांना मुलगी झाली. ती वेळेच्या बरीच आधी आली आणि पहिले कित्येक आठवडे हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. घरी आली तेव्हा आमच्या घरातली पपईसुद्धा तिच्यापेक्षा वजनदार असेल. भिंत अशी, की पलीकडे बाळ शिंकलं की ऐकू यायचं. सासूबाई भाजी निवडता निवडता भिंतीला म्हणायच्या, "शतायुषी हो."

कुंपणावरून त्या बाळंतिणीला अळिवाचे लाडू पाठवायच्या. ती लाडू घ्यायची आणि कमरेत वाकून नमस्कार करायची. सासूबाई मग उलट वाकायच्या. ती पुन्हा वाकायची. मी एकदा मध्येच जाऊन दूध घेऊन आलो, तरी दोघी चालूच होत्या. आमच्या मुलाचं ऐकून ती सासूबाईंना 'आजी' म्हणायला लागली. पुढे त्यांच्याकडचा मान जोडून 'आजी-सान'.

एका रविवारी ती दोघं बाळाला घेऊन आमच्याकडे आली. नवरा मागे, बोलणं सगळं तिचं. बाळाचा शंभरावा दिवस जवळ आलाय, ती म्हणाली. त्या दिवशी आमच्यात बाळाला पहिला घास देतात. भात, मासा, सूप, लोणचं, सगळं पान मांडायचं, पण बाळानं खायचं काही नाही. नुसतं चॉपस्टिकनं ओठाला लावायचं. आयुष्यात कधी अन्न कमी पडू नये म्हणून.

मी सासूबाईंना मराठीत सांगत होतो. "म्हणजे उष्टावण," त्या म्हणाल्या. "पण खायला न देता? आणि तो मासा?"

"मासाही ओठाला लावून बाजूला."

अलिबागकडच्या बाईला हे पटणं कठीण होतं. "अख्खा मासा आणायचा आणि त्याला नुसतं तोंड दाखवून परत पाठवायचं?"

मग त्या बाळंतिणीला चेव आला. पहिल्या वाढदिवसाला बाळाच्या पाठीवर कुटलेल्या चिकट भाताचा भलामोठा गोळा बांधतात, ती म्हणाली. तिसऱ्या आणि सातव्या वर्षी किमोनो घालून देवळात नेतात. विशीत आलं की सज्ञान झाल्याचा सोहळा. आणि साठीला लाल बिनबाह्यांचं जाकीट, कारण साठ वर्षांचा फेरा पूर्ण झाला, माणूस पुन्हा नव्यानं जन्मला.

"आपल्याकडेही साठ संवत्सरांचाच फेरा," सासूबाई म्हणाल्या. मनातल्या मनात हिशोब करून खुश झाल्या. "सांगा तिला जावईबापू, म्हणजे मी आत्ता दहा वर्षांची."

सगळे हसले. आणि त्या हसण्यातच बाळाच्या आईनं मुद्द्याला हात घातला. बाळ मुलगी असेल तर घास द्यायचा तो ओळखीतल्या सर्वांत वयस्कर बाईनं, मांडीवर घेऊन. तिचं दीर्घायुष्य बाळाला लागावं म्हणून. "माझी आई येणार होती. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टर विमानात बसू देत नाहीत. आजी-सान, तुम्ही द्याल?"

मी भाषांतर केलं. एकाही शब्दाची भर घातली नाही. माझ्या आयुष्यातला असा हा एकमेव प्रसंग.

सासूबाईंनी बाळाकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर बोट केलं. समोरच्या घरात एक इंग्रज आजीबाई राहायच्या, चेहऱ्यानं हुबेहूब स्वतःच्या कुत्र्यासारख्या. "शी सेव्हंटी-फोर," सासूबाई म्हणाल्या. "मी सेव्हंटी. ओन्ली."

ती मुलगी बिचारी वाकली आणि समोर गेली. समोरच्या बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी लगेच हॅट कुठली घालायची ते विचारलं.

दार लागल्यावर बायको आईकडे वळली. "खोटं का बोललीस?"

"वयाचं काय एवढं?"

"वयाचं म्हणत नाहीये मी."

सासूबाईंनी लाडवाचा रिकामा डबा उगाच पुसला. "पोर काचेच्या पेटीतून बाहेर आलीय. तिच्या तोंडाला पहिला हात माझा? उद्या काही झालं तर? तिच्या आईनं बोल लावला नाही, तरी मी स्वतःला लावेन."

बायकोनं तो डबा त्यांच्या हातातून घेऊन जागेवर ठेवला. मी बोलण्याचा प्रश्नच नव्हता, मी जावई.

मला काम मिळालं ते दगडाचं. त्या पानात एक गुळगुळीत दगडही ठेवतात. शेवटी चॉपस्टिक दगडाला टेकवून बाळाच्या हिरड्यांना लावायची, दात दगडासारखे घट्ट व्हावेत म्हणून. दगड खरं म्हणजे देवळातून आणायचा. इथे कुठलं ते देऊळ? बाळाची आई म्हणाली, नदीकाठचा चालेल. मी टेम्सच्या काठाचा इतका भाग उचकला, की नदी थोडी डावीकडे सरकली असावी. रिकामी पिशवी घेऊन खाली बघत चालणारा माणूस दिसला की इंग्रज थांबतो. तिघांनी विचारलं चष्मा हरवलाय का. चौथा म्हणाला, "कुत्रा कुठाय?"

पहिला दगड मी दोन हातांनी उचलून नेला. त्या जपानी नवऱ्यानं तो बराच वेळ न्याहाळला. तोवर त्याच्या तोंडून मी 'हॅलो' आणि 'सॉरी' सोडून काही ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "बाळासाठी आहे, की घराच्या पायासाठी?" मी दुसरा आणला, लिमलेटच्या गोळीएवढा. हा ती गिळेल, असं सासूबाई म्हणाल्या. तिसरा पसंत पडला. तो पलीकडे इतका वेळ उकळला, की मला वाटलं त्याचं सूप करतायत.

त्या दिवशी सकाळी आम्ही गेलो. इथली सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ, म्हणून जपानची आजी लॅपटॉपच्या स्क्रीनवर आधीच येऊन बसली होती. उंच पाटासारख्या छोट्या मेजावर पान मांडलेलं. बाहेरून काळे, आतून लाल असे वाडगे, लाल चवळीसारख्या दाण्यांचा भात, सूप, सुरकुतलेलं खारट फळ आणि डोक्याशेपटीसकट एक सी ब्रीम. मासा सासूबाईंकडे आणि सासूबाई माशाकडे पाहत राहिल्या. मग त्या जाऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. त्या घरात दाराजवळ खुर्ची नव्हती. त्यांनी स्वयंपाकघरातून उचलून आणली.

समोरच्या बाई हॅट घालून मध्यभागी. मांडीवर बाळ. हातात चॉपस्टिक विणकामाच्या सुयांसारख्या. भाताचा पहिला दाणा बाळाच्या कपाळाला लागला, दुसरा हॅटवर गेला. बाळाची आई हसत होती. पण रडू येऊ नये म्हणून माणसं हसतात, तसं. स्क्रीनवरची आजी गुडघ्यावर हात दाबून बसली होती. तिच्या हाताची बोटं मात्र चालू होती, तिथून भरवत असल्यासारखी.

सासूबाईंनी खुर्चीतूनच विचारलं, "जावईबापू, तिच्या मागे कोनाड्यात फोटो कुणाचा? आणि त्याच्यापुढे भाताची वाटी कशाला?"

मी बाळाच्या आईला विचारलं. "माझे वडील," ती म्हणाली. "गेले. आई रोज सकाळी आधी त्यांना भात ठेवते, मग आपण खाते."

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी खुर्ची थोडी पुढे ओढली.

"आणि ऑपरेशन नसतं, तर हीच भरवणार होती?"

मी विचारलं. त्या मुलीला प्रश्नच समजला नाही. मी पुन्हा विचारला. "हो," ती म्हणाली. "तीच सगळ्यांत मोठी. दुसरं काय बघायचं असतं?"

मी सांगितलं. सासूबाई उठल्या. पदर खोचला. खोलीच्या मध्यावर आल्या आणि छापील इंग्रजीत म्हणाल्या, "सॉरी. मिस्टेक. आय अ‍ॅम एटी-वन."

खोलीत जो सन्नाटा पसरला, तो जपानपर्यंत ऐकू गेला असणार. एका वाक्यात अकरा वर्षं! बायकोनं जागच्या जागी स्वतःच्या वयाचा फेरहिशोब केला असावा. ती एकदम गंभीर झाली.

समोरच्या बाईंनी हॅट सरळ केली. "वेल," त्या म्हणाल्या, "खरं सांगायचं तर मी सेव्हंटी-नाइन आहे."

म्हणजे या लिलावात हातोडा कुणाच्या बोलीवर पडणार हे उघड होतं. तरी बाईंनी क्षणभर सासूबाईंना नीट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "एटी-वन? तुम्ही अजिबात दिसत नाही तेवढ्या!" इंग्रजीतलं एवढं वाक्य सासूबाईंना पुरेपूर कळलं. त्यांनी हात जोडले, बाळ घेतलं आणि मांडी घालून खाली बसल्या.

चॉपस्टिक त्यांनी हातात घेतली, पाहिली आणि पेन्सिलीसारखी धरली. भात, सूप, पुन्हा भात, मासा. माशाचा तुकडा बाळाच्या ओठाला लावताना त्या माशाला हळूच म्हणाल्या, "थांब, तुझं नंतर बघते." स्क्रीनवरची आजी एकेक पदार्थ सांगायची, ती मुलगी इंग्रजीत सांगायची, मी मराठीत. तिसऱ्या पदार्थापासून आम्हा दोघांची गरज संपली. त्या दोघी थेट बोलत होत्या, एक जपानीत, एक मराठीत, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

शेवटी दगड. सासूबाईंनी चॉपस्टिक दगडाला टेकवली, मग बाळाच्या हिरडीला, अगदी बोट फिरवावं तशी. बाळानं चॉपस्टिक घट्ट धरून ठेवली. सासूबाईंनी ती सोडवून घेतली नाही. "शतायुषी हो," त्या म्हणाल्या. या वेळी मध्ये भिंत नव्हती. तिकडे जपानच्या आजीनं चष्मा काढून पुसला.

नंतर मासा मोठ्यांनी खाल्ला. म्हणजे आम्ही पाचजण एक बाजू खात होतो आणि सासूबाई दुसरी. दुपारी जाऊन त्यांनी दगड स्वतःच्या हातानं नदीत सोडला. तोही घेतला तिथं परत द्यायचा असतो, आभार मानून.

महिन्याभरानं आमच्या मराठी कंपूत एका मुलाचं उष्टावण होतं. हॉलमध्ये पोहोचलो तर सासूबाईंची दाराजवळची खुर्ची यजमानीणबाईंनी आधीच मांडून ठेवलेली, आदरानंच. खीर आली, वाटीत सोन्याची अंगठी आली, मामा मात्र आला नाही. त्याची एडिनबराची ट्रेन रद्द झाली होती. कुणी भरवायचं यावर चर्चा सुरू झाली. सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता करपल्याचा वास आला.

त्या बाळापाशी गेल्या. "आण इकडे," म्हणाल्या.

यजमानीणबाई चाचरल्या. "नाही म्हणजे काकू, तुम्ही... तसं नाही, पण आपल्यात..."

"आमच्यात वयावर ठरतं," सासूबाई म्हणाल्या. "इथं एटी-वनच्या वरचं कुणी आहे का?"

कुणी नव्हतं. त्यांनी बाळ मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "आणि खीर मी खरोखरच भरवणार आहे. ओठाला लावून परत न्यायला हा काही मासा नाही."