कुंकवाचं बोट

काल नणंद येवल्याहून पैठणी घेऊन आली. दुकानाच्या कोऱ्या पिशवीला शाईचा वास होता. तो नाकात शिरला आणि मी कित्येक वर्षं मागे, त्याच दुकानात जाऊन उभी राहिले.

त्या दुकानाची पाटी, कार्डं, पिशव्या सगळं मीच केलं होतं. करड्या कागदावर एकाच रेषेत काढलेला मोर. ती रेषा जमेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला होता. छापून आलेली पहिली पिशवी मालकांच्या आईंनी देवापुढे ठेवली आणि कुंकवाचं ओलं बोट नेमकं मोराच्या डोक्यावर टेकवलं.

“अहो आजी, डिझाइन!” मी ओरडलेच.

“आता कुठं भरल्यावानी दिसतंय बघ,” आजी म्हणाल्या.

मालकांनी पिशवी लांब धरून पाहिली. “ताई, हे असंच छापा ना सगळ्यांवर!”

नाशिक येईपर्यंत मी एसटीत धुमसत होते.

कालच्या पिशवीवर मोर नव्हताच. करड्या कागदाच्या मधोमध फक्त ते लाल बोट छापलेलं. आणि मेलं ते शोभतही होतं.

नणंद पिशवीवरून हात फिरवत म्हणाली, “वहिनी, तू असं काहीतरी का नाही गं करत?”