रत्नप्रभाताईंचा नापास कागद

चूक माझीच. खंडेनवमीला मशीनला हार घातला तिथवर ठीक होतं, पण मी टेस्टिंग रूममध्ये दोन अगरबत्त्याही लावल्या! अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये हवा गाळायचे कागद तपासतात. दहा हजार कण सोडले तर जास्तीत जास्त तीन पलीकडे जायची मुभा, आणि मी गाढवाने तिथेच धूर केला.

दुपारी चाळीस कागदांतले तीन नमुने लावले. तिन्ही नापास. माल एका हॉस्पिटलच्या नवजात बाळांच्या वॉर्डसाठी होता.

"धुराचा घोळ आहे ताई, सही करून टाका ना. गाडी उभी आहे," आमचे मालक नंदकुमारशेठ म्हणाले.

रत्नप्रभाताई त्या मशीनसमोर बावीस वर्षं आहेत. रिटायरमेंटला चार महिने, गुडघे पार गेलेले. त्यांनी डोळे चोळले. "सही करून मोकळी झाले असते हो, जीवच राहिला नाही आता. पण धूर किती नि कागदाचा दोष किती, मला काय कळणार? सगळे पुन्हा तपासू."

वाट लागली! खोली स्वच्छ झाल्यावर दोन दिवस तेच. मी कागद अडकवायचा, थांबायचं, आकडा आला की त्यांनी लिहायचा. मधेच भिंतीला टेकून त्या डोळे मिटायच्या.

"ताई, बस करा आता."

"तू गप पुढचा लाव रे."

एकतिसाव्याला आकडा आला नऊ. तीनदा लावला, तीनदा नऊ. उजेडात धरला तर कोपऱ्यात केसाएवढी चीर. तीन नमुन्यांत हा कधीच सापडला नसता. बाकीचे एकोणचाळीस पास झाले. शेठ चिडले, "एकासाठी गाडी थांबवू?" ताईंनी नापासचा लाल शिक्का मारला. शेवटी शेठनी गोडाऊनमधून नवा कागद मागवला, तोही तपासूनच गाडीत चढला.

संध्याकाळी हात धुताना त्या हळूच म्हणाल्या, "विद्याधर, तो नापास कागद फेकणार आहेस?"

"हो. का?"

"मला दे ना. घाटकोपरला आमच्या खिडकीसमोर टॉवर उठतोय. मिस्टरांचा खोकला थांबत नाही. टेबलफॅनपुढे बांधेन."

"अहो, पण नापास आहे तो!"

"दहा हजारांत नऊच ना? आमच्या घरात दहा हजारच्या दहा हजार येतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये कागद नीट ठेवला, सुतळीने बांधला आणि रिक्षापर्यंत मीच नेऊन दिला.