नाना, चाचा आणि पाण्याचा कॉम्प्युटर

आमच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात. एक धूळ, दुसरे किस्से. धूळ मी दर शनिवारी ब्लोअरने उडवते. किश्श्यांचं काय करायचं ते कळत नाही. एक सांगायला जावं तर त्याच्या शेपटाला दुसरा लटकून येतो, आणि प्रत्येकात एक तरी वयस्कर माणूस असतोच, ज्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

दुकान नानांचं. नाना म्हणजे बाबांचे चुलतभाऊ. रत्नागिरीत त्यांनी आधी टायपिंगचा क्लास काढला, मग झेरॉक्स, मग कॉम्प्युटर, आता सीसीटीव्ही कॅमेरे. मशीनं बदलत गेली, नाना नाही बदलले. बाहेरच्या बाकावर हमीदचाचा. तीस वर्षं जहाजांवर आणि आखातात पाइप फिटर होते. आता घरी करमत नाही म्हणून रोज दहाला आमच्याकडे येतात. पेपर आमचा, चहा आमचा, सल्ला त्यांचा.

आणि मी. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स. वर्गातल्या सगळ्या पुण्याला गेल्या, मी इथे प्रिंटरची शाई भरते.

तर माझी कॉलेजची मैत्रीण शर्वरी मालगुंडला घरी बसून बिल्डर लोकांसाठी अजून न बांधलेल्या इमारतींची फिरती चित्रं बनवते. तिचा कॉम्प्युटर इतका तापायचा, की मे महिन्यात दुपारी बंदच पडायचा. तिला मी म्हटलं, तुला पाण्याने गार होणारा बांधून देते. कडक पारदर्शक नळ्या, काटकोनात वाकवलेल्या, आत पाणी फिरतंय, काचेतून सगळं दिसतंय. ती हो म्हणाली. नाना नाही म्हणाले.

आठवडाभर भांडल्यावर नानांनी अट घातली. "तीन दिवस इथे पाणी फिरवून दाखव. एक थेंब जरी गळला, तर दुकानात पाण्याचं नाव काढायचं नाही. मुकाट शिडी घ्यायची आणि कॅमेरे बसवायला जायचं. नाही गळला, तर मागची खोली तुझी. तिथे काय ते तुझे कॉम्प्युटर बांध."

मागच्या खोलीसाठी मी दोन वर्षं भीक मागत होते. तिथे नानांचे जुने टाइपरायटर झोपले आहेत.

*

पहिला त्रास प्रश्नाचा. दुकानात येणारा प्रत्येक माणूस टेबलावरचा पंप आणि रेडिएटर बघायचा आणि विचारायचा, "पाणी? कॉम्प्युटरमध्ये?"

सुरुवातीला मी नीट सांगायचे. गाडीत असतं तसंच असतं. चिपवर तांब्याचा ठोकळा बसतो, त्यातून पाणी जातं, उष्णता घेऊन रेडिएटरकडे येतं, पंखे त्याला गार करतात, पाणी परत जातं. चौथ्या दिवशी माझा घसा बसला. पाचव्या दिवशी मी मोठ्या अक्षरांत छापून पाटीच लावली:

"होय, पाणी. होय, कॉम्प्युटरमध्ये. नाही, शॉक लागत नाही. गाडीत असतं तसंच."

एक निवृत्त गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले. चष्मा चढवून त्यांनी अख्खी पाटी मोठ्याने वाचली. मान डोलावली. चष्मा काढला. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

"ते सगळं ठीक आहे. पण शॉक नाही ना लागत?"

*

नळ्यांचं पार्सल आलं तेव्हा मी बँकेत गेले होते. नानांनी ते उघडलं. दुसऱ्याचं पार्सल उघडू नये, हे नानांच्या पिढीला कुणी शिकवलेलंच नाही.

यादीत मीटरभर लांबीच्या चार नळ्या होत्या. खोक्यात तीन. मी कुरिअरवाल्याला फोन केला, त्याच्यावर ओरडले, तो माझ्यावर ओरडला. विक्रेत्याला फोटोसकट सणसणीत मेल लिहिली. त्याने बिचाऱ्याने माफी मागितली आणि नवी नळी पाठवतो म्हणाला.

दुपारी नानांच्या टेबलामागे लावलेला पडदा वाऱ्याने हलला, आणि वरून काहीतरी चमकलं.

"नाना! ही नळी तुम्ही पडद्यात घातलीत?"

"अगो, जुना दांडा मधे वाकत होता. ही बघ कशी ताठ आहे!"

"नाना, ती मी वाकवायलाच मागवलीय!"

नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की बीएस्सीची फी फुकट गेली.

*

वाकवण्याचं काम खरोखर अवघड. नळीत सिलिकॉनची दोरी घालायची, म्हणजे वाकताना ती चिमटत नाही. मग हीट गनने गोल गोल फिरवत तापवायची. कमी तापली तर तडकते, जास्त तापली तर आत बुडबुडे येतात. मी पहिल्या दिवशी सहा तुकडे वाया घालवले. ते टेबलावर ओळीने पडले होते. नाना आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "कोलंबी सोललीस काय गो?"

बाकावरून हमीदचाचा उठून आले. हीट गन हातात घेऊन उलटी-सुलटी केली. "हे केस सुकवायचं मशीन आहे."

"चाचा, त्याला हात लावू नका, भाजेल."

"बेटी, मी अख्ख्या जहाजाच्या नळ्या वाकवल्यात. लोखंडाच्या! आत वाळू भरायची, बाहेरून आग द्यायची, आणि अल्लाचं नाव घ्यायचं. हे तर काय, प्लास्टिक आहे."

मी थकले होते. म्हटलं, घ्या, करा. चाचांनी नळी तापवली. ना पट्टी, ना गुण्या. एक डोळा मिटला, वाकवली, हवेत धरून स्थिर उभे राहिले. हाताला कंप नाही. मी गुण्या लावून बघितला. अगदी नव्वद अंश! काचेसारखी स्वच्छ, एक बुडबुडा नाही. मी त्यांना मिठी मारायचीच बाकी होती.

मग नळी कॅबिनेटमध्ये लावून बघितली. चार इंच आखूड.

"चाचा, मापच नाही घेतलंत!"

चाचांनी कॅबिनेटमध्ये डोकावून बघितलं, मग माझ्याकडे. अजिबात न वरमता म्हणाले, "जहाज मोठं असतं, बेटी."

तरी त्यांनी एक गोष्ट शिकवली, ती मानायलाच हवी. नळी वाकवल्यावर मी फुंकर घालून गार करत होते. चाचा म्हणाले, फुंकू नकोस, धरून ठेव, आपली आपण गार होऊ दे. "गरम नळीशी घाई नाही करायची. तुझ्या डोक्याचंही तसंच आहे."

"नळीबद्दल बोला, चाचा."

*

पाण्याचा प्रश्न आला तेव्हा शर्वरीचे वडील, आबा, यात शिरले. आबा शाळेत हेडमास्तर होते. अजूनही आहेत, फक्त शाळा नाही.

मी शर्वरीला फोनवर सांगितलं होतं, की साधं पाणी चालत नाही, डिस्टिल्ड लागतं. नळाच्या पाण्यातले क्षार आत साठतात. हे आबांनी मागून ऐकलं. दुसऱ्या दिवशी दहाच्या एसटीने आबा मालगुंडहून थेट दुकानात. हातात पाच लिटरचा कॅन.

"आमच्या विहिरीचं पाणी. क्षार नावाला नाही. तीन पिढ्या पितोय, कुणाला मुतखडा झालेला नाही."

"आबा, कॉम्प्युटरला मुतखडा होत नाही."

"मग क्षारांची भीती कशाला?"

या प्रश्नाचा मला अजून राग आहे.

मग आबांनी रंग विचारला. इंटरनेटवर त्यांनी हिरवं, निळं, गुलाबी पाणी घातलेले कॉम्प्युटर बघितले होते. मी म्हटलं, रंग नको, रंगाने पुढे गाळ धरतो, पाणी स्वच्छच बरं. आबा खिन्न झाले. "म्हणजे एवढा खटाटोप करून शेवटी पाणीच दिसणार?" नाना लगेच त्यांच्या बाजूने, "तेच मी हिला सांगतोय!" नाना असं काहीही सांगत नव्हते.

डिस्टिल्ड पाणी मी गॅरेजमधून आणलं, गाडीच्या बॅटरीत घालतात ते. आबांचा कॅन परत नेणार कोण? तो दुकानातच राहिला, आणि त्याचा चहा झाला. त्या दिवशीच्या चहासारखा चहा आमच्या दुकानात आधी कधी झाला नव्हता. हे मी आबांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

*

गुरुवारी सगळ्या नळ्या बसल्या. चौदा जोड, प्रत्येकाला रबरी रिंग. टाकीत पाणी ओतलं. या वेळी वीज फक्त पंपाला द्यायची असते. बाकी सगळा कॉम्प्युटर बंद, म्हणजे गळलं तरी काही जळत नाही. पंप सुरू केला. पाणी पहिल्या नळीत चढलं, वळणावरून उतरलं, आणि तिथेच अडलं. पंप खरखरायला लागला.

मी बंद केला, सुरू केला. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. मोबाइलवर परदेशातल्या लोकांचे फोरम उघडले. एक म्हणे पंप खराब. दुसरा म्हणे नळ्या उलट जोडल्या. मी दीड तास वाचत होते. डोळे चुरचुरायला लागले.

हमीदचाचा आत आले. टेबलावरचा लांब स्क्रूड्रायव्हर उचलला, टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली. डॉक्टर छाती तपासतात तसं ऐकलं.

"हवा अडकलीय. खोकं तिरपं कर."

"चाचा, हे जहाज नाही. मी वाचतेय ना!"

"वाच, वाच," म्हणाले, आणि बाकावर जाऊन बसले.

फोरमच्या चौथ्या पानावर, सगळ्यात खाली, कॅनडाच्या कुणीतरी लिहिलं होतं: हवा अडकली असेल, कॅबिनेट तिरपं करा.

मी तिरपं केलं. भराभर बुडबुडे निघाले आणि पाणी सरसर फिरायला लागलं. इतकं सुंदर, की मला ओरडावंसं वाटलं. पण बाहेरच्या बाकावर पेपरामागून कुणीतरी हसत होतं, म्हणून मी ओरडले नाही.

*

शुक्रवारी सकाळी अटीचे तीन दिवस सुरू झाले. टाकीवर मी मार्करने बारीक रेघ मारली: पाणी इथे. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर अंथरला, म्हणजे थेंब पडला तर डाग दिसेल. आणि नेमकी तेव्हाच नानांनी माझ्या हातात शिडी दिली. भाट्ये गावातल्या एका बंगल्यात कॅमेरे बसवायचं काम आधीच कबूल केलेलं होतं.

"नाना, पण चाचणी चालू आहे!"

"मशीन पळून जात नाही. मी आहे ना इथे."

म्हणून ते तीन दिवस असे गेले: सकाळी साडेनवाला दुकानात यायचं, रेघ बघायची, टिश्यू बघायचे. मग भाट्ये. दिवसभर माडाखाली शिडीवर उभं राहून ड्रिल चालवायचं, तोंडात भिंतीची भुकटी, मनात फक्त चौदा जोड. संध्याकाळी धावत दुकान. रेघ बघायची, टिश्यू बघायचे.

शुक्रवारी संध्याकाळी पाणी बरोबर रेघेवर. शनिवारी सकाळी रेघेवर. शनिवारी संध्याकाळी, रविवारी सकाळी, रेघेवर! सुताइतकंही खाली नाही. टिश्यू पांढरेशुभ्र, खडखडीत कोरडे. आमच्याकडच्या दमट हवेत सकाळी सोडलेली बिस्किटं दुपारी मऊ होतात, तिथे तीन दिवसांचे टिश्यू नव्यासारखे. याचं मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी जिंकत होते.

सोमवारी शर्वरी आणि आबा टेम्पो घेऊन आले, मशीन गुंडाळायला घरातली गोधडी घेऊन. मी सगळ्यांना रेघ दाखवली. हमीदचाचांनी वाकून बघितली आणि "माशाल्ला" म्हणाले. आबांनी चष्मा लावून चौदाच्या चौदा जोड तपासले, वहीत चूक सापडली नाही की मास्तर जसे हिरमुसतात तसे हिरमुसले. मी नानांकडे वळले.

"बोला नाना. थेंब?"

"नाही गो," नाना म्हणाले.

"खोली?"

नानांनी खिशातून मागच्या खोलीची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. आणि लगेच गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागले. मला वाटलं, हरल्याचं वाईट वाटलं असेल. पहिल्यांदाच मला त्यांची दया आली.

मी खोली उघडायला पळाले. कुलूप गंजलं होतं, निघेना. तेल घ्यायला परत आले, तर चाचा आणि आबा टेम्पोत गोधडी अंथरत होते, आणि दुकानात नाना शर्वरीला एका बाजूला घेऊन हळू आवाजात समजावत होते. माझी चाहूल त्यांना लागली नाही.

"काही कठीण नाही बाय. सकाळी देवाची पळी घ्यायची, चार पळ्या टाकीत घालायच्या. संध्याकाळी चार. रेघेच्या वर नाही जाऊ द्यायचं. आणि खालचे कागद ओले झाले, की जोड पुसून लगेच बदलायचे, म्हणजे दिसत नाही. मी तीन दिवस तेच केलं. अट मीच घालून बसलो होतो ना! हिला मात्र यातलं काही बोलू नको हां."